दंडाला आत, कंबरेला बाहेर

ये बाई, अशी जवळ सरक. तू तिकडं नाशिकला आणि मी इथं येरमाळ्यात, तरी सरक. कान धरायचा तर माणूस हाताशी पायजे. यंदाची सोनोग्राफी चुकवलीस ना? फोनवर विचारलं की म्हणतीस, "काही दुखत न्हाई गं मावशी." तेव्हा तरी कुठं दुखत होतं?

म्हणून आज लिहायला बसले. तुला सगळं ठाऊक आहे, पण ते तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूनं मी कधी सांगितलंच न्हाई.

कळंबच्या शाळेत तुला नोकरी लागली, तशी तुझी आई, माझी धाकटी बहीण, जूनमध्ये तुला माझ्याकडं आणून सोडून गेली. जाताना म्हणाली, "अक्का, हिला दोन घास जास्तीचे घाल. नुसती काडी झालीय." मला तेवढंच पायजे होतं. तू एसटीच्या घाईत उभ्या उभ्या भाकरी खायचीस आणि मी मागनं शेंगाच्या चटणीवर तेल सोडत फिरायची. आखाडात तुझा निळा ड्रेस कंबरेला घट्ट झाला. तो मीच शिवलेला. मी शिवणीत नेहमी दोन बोटं माया ठेवते, म्हणून उसवून सैल करता आला. गणपतीत परत घट्ट. परत उसवला. आणि मी काय केलं असंल? बहिणीला फोन लावला, "बघ, माझ्या हातचं पोरीच्या अंगाला कसं लागतंय!" ती बी खूश, मी बी खूश. आता ते आठवलं की स्वतःचाच कान धरावा वाटतो.

दसऱ्याच्या आधी तू तोच ड्रेस घेऊन आलीस. म्हणालीस, "मावशी, बाह्या लई ढगळ वाटतात, जरा आत घे." तुला उभी करून दंडाला टाचण्या लावल्या, आणि माझा हात थांबला. एकाच कपड्याला वर आत घ्यायचं आणि खाली बाहेर काढायचं? इतकी वर्षं मशीन चालवते, असं माप मी कुणाचं घेतलं नव्हतं. खाऊन माणूस भरतं ते सगळीकडनं भरतं. तुझ्या पोटावर तळवा ठेवला. मऊ, गच्च, पाण्यानं भरलेल्या पिशवीगत.

"दुखतं का गं?"

"न्हाई. दोन घासांत पोट भरल्यागत होतं. गॅस असंल."

मग कळलं, माझ्यापुढं दोन घास खाऊन बाकीच्या भाकऱ्या तू डब्यात भरून न्यायचीस आणि शाळेतल्या पोरींना वाटायचीस. तेवढ्यात शेजारीण दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "काय मावशी, भाचीला लग्नाआधीच डोहाळे लागले का काय?" मी हातातली कात्री दाखवून म्हणाले, "तुझी जीभ जरा लांब झालीय, ये, आत घेते." ती हसत गेली. तू मात्र त्या दिवसापासनं ओढणी पोटावरनं घ्यायला लागलीस.

जवळच्या दवाखान्यात दाखवलं. पोटात पाणी झालंय म्हणाले आणि सुईनं काढलं. त्यांना तरी काय बोलावं, असलं दुखणं त्यांच्याही बघण्यात क्वचितच येत असणार. पोट उतरलं. तू आरशापुढं गिरकी घेतलीस, मी ड्रेस कंबरेला परत आत घेतला. दिवाळीपर्यंत पोट होतं तसं! कंबर परत उसवली.

सोलापूरला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी विचारलं, "पोट कधीपासून वाढलंय?" तू म्हणालीस, "झाले असतील दोन महिने." मी पिशवीतनं ड्रेस काढला.

"मावशी! ठेव तो आत! काय लाज आणतीस?"

पण बाईंनी हात पुढं केला. ड्रेस उलटा करून सुईची जुनी भोकं बोटानं बघितली. "ही पहिली शिवण?"

"आखाडातली. ही गणपतीतली."

"आणि इथं परत आत का घेतलं?"

"सुईनं पाणी काढलं तवा. दिवाळीत परत उसवलं."

त्यांनी बाह्यांच्या शिवणी बघितल्या, मग तुझं पोट सगळीकडनं ठोकून बघितलं. म्हणाल्या, "पाणी मोकळं नाही दिसत. पिशवीत आहे." सीटी स्कॅनमध्ये तसंच निघालं. पातळ पापुद्र्याच्या पिशव्या, एकीला एक लागून, द्राक्षाच्या घडागत, आतड्याला धरून बसलेल्या. बाईंनी समजावलं, की रक्तासारखा अंगात आणखी एक पाणेरी रस फिरतो. त्याच्या बारीक नळ्या आईच्या पोटातच कुठं नीट जोडल्या गेल्या न्हाईत, तर रस तिथं साठतो आणि पिशव्या होतात. सुईनं काढला तरी परत भरतो. मी म्हणाले, "म्हणजे जन्माआधीच एक टाका निसटला म्हणा की." त्या म्हणाल्या, "तसंच समजा."

तू घाबरत विचारलंस, "कॅन्सर आहे का?"

"दिसायला साधी गाठ आहे. पण काढून तपासल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही. लहान असती, त्रास देत नसती, तर नुसती नजर ठेवली असती. ही आतडं दाबतेय, म्हणून तुझं जेवण तुटलंय."

ऑपरेशनच्या दिवशी तुझी आई बाकड्यावर येरमाळ्याच्या येडाई देवीचं नाव घेत बसली आणि मी ड्रेस घेऊन. हाताला काही तरी पायजे म्हणून कंबर शिवायला घेतली, तर कुठल्या मापानं शिवू? नुसते कच्चे टाके घातले. तुझ्या आईनं एकदाच विचारलं, "अक्का, फोनवर मला काय सांगत होतीस गं, अंगाला लागतंय म्हणून?" मी खाली बघून शिवत राहिले. मग तिनंच माझ्या हातातली सुई घेतली आणि दोरा ओवून दिला.

बाई बाहेर आल्या. गाठ निघाली होती, आतड्याचा एवढासा तुकडाही घ्यावा लागला होता. पण गाठीचा नखाएवढा भाग मोठ्या रक्तवाहिनीला चिकटला होता. तो ओढला असता तर जिवावर बेतलं असतं, म्हणून ठेवला. पुढं तपासणीचा रिपोर्ट आला, साधी गाठ. तुझी आई रडली, मी बी रडले, आणि तू विचारलंस, "भाकरी कधी खाऊ?" बाईंनी जाताना बजावलं होतं, "राहिलेला भाग परत भरू शकतो. दुखो, न दुखो, वर्षाला एकदा सोनोग्राफी."

लग्न होऊन नाशिकला गेलीस, तरी दर वर्षी रिपोर्ट घेऊन यायचीस. तो निळा ड्रेस घालून बघायचीस, मी कंबरेत दोन बोटं घालून बघायची, आणि मग आपण जेवायला बसायचो. यंदा न्हाई आलीस. परवा फोटो पाठवलास, जावईबापूंसोबत गोदाकाठी उभी आहेस. सगळ्यांना तुझं हसू दिसलं. मला ओढणी दिसली, पोटावरनं घेतलेली.

आता गोड बातमी असंल तर ती सोनोग्राफीत दिसंल, आणि दुसरं काही असंल तर तेही तिथंच दिसंल. दोन्हीला मी आहे. ह्या आठवड्यात तपासून घे, आणि रविवारच्या गाडीनं ये. स्टँडवर मी येते. ड्रेस धुऊन ठेवलाय, शेंगा भाजायच्या राहिल्यात. ओढणी तेवढी तिकडंच ठेवून ये.