परसोंच धुतलेली चिप

उदगीरच्या स्टँडवर मला सोडायला पप्पा भोंग्यांचा टेम्पो घेऊन आले होते. पप्पांची साउंड सर्व्हिस आहे, तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांच्याच ॲम्प्लिफायरवर वाजलीत. आई मागं भोंग्यांमध्ये अंग चोरून बसलेली, मांडीवर धपाट्यांचा डबा. हैदराबादची बस हलली तशी आई रडायला लागली. पप्पांनी काय करावं? टेम्पोतला माइक काढला आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं भोंग्यातून म्हणाले, "हॅलो, हॅलो, पोचल्यावर फोन कर गं!" मी सीटखाली शिरायचीच काय ती बाकी होते.

क्वांटम कॉम्प्युटरच्या एका लॅबमध्ये मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. तिथंही काम ॲम्प्लिफायरचंच, म्हणून पप्पा भलतेच खूश. फक्त आमचा ॲम्प्लिफायर नखाएवढ्या चिपवरचा, सुपरकंडक्टिंग धातूचा, अवकाशाहून थंड अशा फ्रिजमध्ये ठेवायचा. क्वांटम कॉम्प्युटरचं उत्तर इतकं क्षीण येतं की आधी ते मोठं करावं लागतं, आणि आमचा हा पठ्ठ्या मोठं करता करता त्यातलं बरंचसं स्वतःच गिळायचा. ते गिळणं कमी करायचं, एवढंच माझं काम. जमलं तर नोकरी कायम, नाही तर चंबूगबाळं उचलून परत.

पप्पा फोनवर म्हणाले, "ॲम्प्लिफायरला शिव्या देत बसू नको. आवाज वाटेत कुठं मुरतो ते बघ. एकदा हरवलेला आवाज किती बटणं फिरवली तरी परत येत नसतो." आमच्या सरांनी हेच सांगायला तीन तास घेतले होते. वर पप्पा हसत म्हणाले, "आणि नाहीच जमलं तर ये, माइक टेस्टिंगला माणूस लागतोच." चेष्टाच होती ती, पण मला लागली. मला परत जायचं नव्हतं. हैदराबाद मला आवडायला लागलं होतं, आणि हे घरी कसं सांगावं ते कळत नव्हतं.

राहायला मी हिमायतनगरात, पिढ्यान् पिढ्या हैदराबादेत काढलेल्या एका मराठी घरात. घरमालकीण काकू बोलायच्या मराठीच, पण काय मराठी! "बेटा, परेशान नको होऊ, आधी खाना खाऊन घे." पहिल्या आठवड्यात मला हसू आवरायचं नाही. आता आई म्हणते, तूसुद्धा तशीच बोलायला लागलीस.

लॅबमधले जुने टेक्निशियन म्हणजे सलीमभाई. चिपला हवा लागली की तिच्यावर ऑक्साइडचा बारीक थर चढतो आणि तोच थर सिग्नल खातो. म्हणून चिप आम्लानं धुवायची आणि लगेच फ्रिजमध्ये बसवायची. धुण्याचं काम सलीमभाईंचं. मी विचारलं, "चिप कधी धुतली?" ते म्हणाले, "परसोंइच धोये ना मॅडम." त्यातला तो 'च' ऐकून मला इतकं घरचं वाटलं की मी विश्वासानं वहीत दोन दिवसांपूर्वीची तारीख टाकली.

फ्रिज थंड व्हायला दोन दिवस, परत गरम व्हायला दोन दिवस. पहिल्या वेळी सिग्नल गळतोय. पप्पांचं ऐकून मी एकूण एक जोड तपासला, केबल बदलली, दुसऱ्यांदा थंड केलं. गळतोयच! सर म्हणाले, "अजून एकदा बघू, मग थांबू." थांबू म्हणजे काय, ते मला बरोबर कळलं.

घरी येऊन तोंड पाडून बसले. काकू चहा घेऊन आल्या. काका पेपर वाचत होते, त्यांच्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "यांचंच बघ ना, परसोंच रिटायर झाले आणि आत्ताच कंटाळले." मी काकांकडं बघितलं. काकांना रिटायर होऊन अकरा वर्षं झालीत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

"काकू, परसों म्हणजे कधी हो?"

"परसों म्हणजे परसों. झालं ना मागं कधीतरी!"

चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आत मी दारात. "सलीमभाई, वो परसों कब का परसों था?" त्यांनी डोकं खाजवलं. "बकरीद के पहले का होना." म्हणजे चार महिने! चार महिने डबीत पडून थर चढलेली चिप मी ताजी म्हणून वापरत होते. चूक त्यांची नव्हती, माझ्या कानांची होती. फ्रिज गरम होऊन चिप बाहेर निघालेलीच होती, त्याच सकाळी आम्ही दोघांनी ती धुतली आणि दुपारच्या आत फ्रिजमध्ये बसवली. तिसऱ्या दिवशी पडद्यावर सिग्नल असा ठणठणीत उभा राहिला की मी सलीमभाईंना मिठीच मारणार होते. सर फक्त "गुड" म्हणाले. त्या एका शब्दावर मी कायम झाले.

आनंदात घरी फोन केला. आई म्हणाली, "मग येतीस कधी?" मी म्हणाले, "येते गं, परवा येते!" आणि विसरले.

दोन दिवसांनी डबा खायच्या वेळी पप्पांचा फोन. "कुठवर आलीस? बिदर गेलं का?" मागून बसचे हॉर्न ऐकू येत होते. पप्पा स्टँडवर उभे होते. माझ्या हातात लॅबचे हातमोजे. कसंबसं म्हणाले, "पप्पा, निघायला उशीर झालाय." ते म्हणाले, "ये सावकाश, आम्ही आहोत इथंच."

सलीमभाई सगळं ऐकत होते. म्हणाले, "लॅब का परसों अलग, अम्मा का परसों अलग. जाव मॅडम, कैकू खडे?"

तशीच सुटले. पोचले तेव्हा आठ वाजले होते. टेम्पो तिथंच. आई मागं भोंग्यांमध्ये बसलेली, मांडीवर डबा, धपाटे कधीच गार झालेले. मला रडूच फुटलं. "पप्पा, चुकले मी. मी आपलं सहज म्हणाले होते."

पप्पांनी बॅग उचलून टेम्पोत टाकली. "चुकलं काय त्यात? परवा म्हणालीस, परवा आलीस. परवा संपायला अजून चार तास आहेत."

माझं बिऱ्हाड आता हैदराबादेतच आहे आणि राहील. तिथं माझंही सगळं परसोंच होत असतं. पण तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना सांगते, घरी परवा येतो म्हणताना जपून म्हणा. तिथं परवा म्हणजे दोनच दिवस असतात, आणि कुणीतरी ते मोजत बसलेलं असतं.