नव्या इंजिनाचं चेंबर

तेलगावचा तो मिस्त्री पाना हातात घेण्याआधी आरशात बघून भांग पाडायचा आणि वाक्यागणिक "लई बारीक काम हाय" म्हणायचा. दुष्काळात सोसायटीच्या जुनाट ट्रकवर टाकी ठेवून मी पाणी पोचवायचो. त्यात यानं नवं इंजिन बसवलं, तर त्याच्या बुडाचं तेलाचं चेंबर एक्सलवर टेकलं. ते कापून, नीट वेल्डिंग करून बसवायचं सोडून या शहाण्यानं घणानं आत चेपलं.

धारूरच्या घाटात चेपलेल्या चेंबरमधून तेल वर चढेना, इंजिन जाम झालं. वर वस्तीवर बाया घागरी मांडून बसलेल्या. निरोप धाडल्यावर हा मिस्त्री आला, वाकून चेंबरला एक बोट लावलं आणि मला म्हणाला, "तुला चालवता येत न्हाई बे."

मग पाण्याच्या टाकीचा कॉक उघडून त्यानं कोपरापर्यंत हात धुतले. साबण लावून, सावकाश, एकेक नख घासत.