पत्र्याखालचा गारवा

भिंतींच्या तब्येतीची इतक्या आस्थेनं विचारपूस करणारा माणूस, आमच्या हिच्या मामांखेरीज, साऱ्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही. कुणाकडेही गेले की मामा चपला काढतात आणि ताप बघावा तसा आधी पश्चिमेच्या भिंतीवर तळवा टेकतात. माझ्या भावासाठी कल्याणला मुलगी बघायला गेलो होतो, तर मुलीला काही विचारायच्या आधी यांनी तिच्या वडिलांना विचारलं, "वरचा मजला तुमचाच? मग दुपारी झोपता कसे?" लग्न जमलं, आणि त्यांच्या छताला इन्सुलेशनही झालं. मामांना आनंद कशाचा जास्त झाला, हे विचारायची सोय नाही.

डोंबिवलीतला त्यांचा इन्सुलेशनचा छोटा कारखाना आता मुलगा बघतो, आणि मामा या धंद्यातल्या लोकांची संघटना बघतात. बाहेरची उष्णता घरात येऊ न देणारा माल बनवणारे नि बसवणारे सगळे तिचे सभासद. कामगारांना तो नीट बसवायला शिकवायचं, नवा माल तपासून घ्यायचा, बिल्डरांच्या मागे लागायचं, हा मामांचा दिनक्रम. एक बिल्डर म्हणाला, "काका, लोक एसी लावतील की." मामा म्हणाले, "लावू देत. पण फुटक्या माठात किती पाणी ओतायचं, तेही त्यांना सांगून ठेवा."

खडवलीकडच्या एका शाळेत, पत्र्याच्या छपराखाली, एक मुलगी परीक्षा देताना चक्कर येऊन पडली. हे कानावर आलं आणि मामांनी त्या छपराला संघटनेकडून फुकट इन्सुलेशन करून द्यायचं ठरवलं. अडचण एकच होती. कोलशेतचा फोमवाला आणि डोंबिवलीचा रॉकवूलवाला, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर विकणारा, या दोन मोठ्या सभासदांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. बैठकीत कोलशेतकर म्हणाला, "त्याचा माल लागणार असेल तर मी नाही." दुसरा म्हणाला, "मी तर कधीच निघालेलो."

मामांनी कुणाचीच समजूत घातली नाही. ऐन एप्रिलच्या दुपारी दोघांना त्या वर्गात नेलं, एका बाकावर शेजारी बसवलं आणि फळ्यावर भागाकार घातले. "सोडवा. मुलं इथेच सोडवतात." थोड्याच वेळात कोलशेतकर घामानं निथळायला लागला. शेजाऱ्यानं न बोलता पाण्याची बाटली पुढे केली, त्यानंही ती घेतली. मग म्हणाला, "मामा, कुणाचा माल ते तुम्ही ठरवा. पण काम लवकर करू या." मुलांच्या डोक्यावर आग न धरणारं काही हवं, म्हणून मामांनी रॉकवूल निवडलं. कोलशेतकरानं ते बसवायला स्वतःची माणसं पाठवली. माझ्याच घरचं कार्य पार पडावं तसा मला अभिमान वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही शाळेत गेलो, तेव्हा भर दुपारी वर्ग भरला होता. पंखे तेच होते, पत्राही तोच. मुलं खाली मान घालून लिहीत होती. बाई म्हणाल्या, "आता सुटी झाली तरी उठत नाहीत." मी मामांना म्हटलं, "समाधान वाटत असेल ना?"

 मामा मुलांकडे बघत हळूच म्हणाले, "जावईबापू, तुमच्या मामींनी कल्याणच्या चाळीत उभं आयुष्य पत्र्याखाली स्वयंपाक केला. उकाड्याबद्दल कधी बोलली नाही. ती गेली तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं हो."

बाईंनी चहा मागवला होता. मामा नको म्हणाले आणि मागच्या रिकाम्या बाकावर जाऊन, शाळा सुटेपर्यंत तिथेच बसून राहिले.