सहा आठवड्यांची विश्रांती

चाळिशी ओलांडलेला मराठी शाळेतला मास्तर रोज सकाळी बेल्याच्या रस्त्यावर धावतो, हे तेलंगणातल्या आमच्या गावाला कधी पटलंच नाही. "मास्तरच्या मागं कुत्रं लागलं का?" असं विचारणारे लोक मी लंगडायला लागल्यावर म्हणाले, "चावलं वाटते शेवटी." कुत्रं चावलं नव्हतं. डाव्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद केलं आणि मी शहाण्यासारखं ऐकलं. शाळेतून मोटारसायकलवर घरी यायचो, स्टुलावर पाय टाकून बसायचो, बायको चहा हातात द्यायची. मग नुसतं चालणं. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. दुखलं की थांबायचं, दुसऱ्या दिवशीही दुखलं तर एक पायरी मागं यायचं. हे सगळं मी एका वहीत लिहीत गेलो आणि चार महिन्यांत पूर्वीसारखा धावू लागलो. त्या वहीचा मला भारी गर्व होता. स्टाफरूममध्ये कुणाचा गुडघा दुखला तरी मी वही काढायचो.

पुढच्या वर्षी ती वही मी एका मुलीसाठी काढली. ती नववीत होती आणि शाळेत तिच्यापुढे कुणी धावत नव्हतं, मुलगेसुद्धा नाही. जानेवारीत खेळाडूंच्या सरकारी वसतिगृहशाळेसाठी निवड चाचणी होती. निवड झाली असती तर तिचं पुढचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं सरकारी खर्चानं झालं असतं. नाहीतर दहावी झाली की स्थळं पाहायची, हे घरात ठरलेलं होतं. बाप वारलेला, आई लोकांच्या वावरात मजुरीला जाणारी. चाचणीची तयारी मीच करून घेत होतो. ऑक्टोबरमध्ये तिची नडगी दुखायला लागली. एक्स-रे काढला तर तशीच चीर, जवळजवळ त्याच जागी. खरं सांगायचं तर मला आतून थोडं बरंसुद्धा वाटलं. या दुखण्यातलं मला सगळं कळतं, असं मी समजत होतो.

डॉक्टर तेलुगूत म्हणाले, "तुम्ही यातून गेला आहात, तुम्हीच समजावून सांगा." तिची आई दाराशी उभी होती. मी तिला म्हणालो, "सहा आठवडे हिनं धावायचं नाही. बाकी काही नाही."

"एक पाऊलबी पयू देणार नाही जी," ती म्हणाली.

आणि तिनं शब्द पाळला. मुलगी शाळेला येताना जरा भरभर चालली तरी ती मागून हाक मारायची. मुलीनंही पाळला. मैदानावर खो-खो रंगात आलेला असायचा आणि ही कडुलिंबाखाली मांडी घालून बसलेली. सहा आठवडे भरल्यावर मी तिचं हाड अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"दुखते का?"

"नाही सर."

एका पायावर दहा उड्या मारायला लावल्या. शेवटच्या दोन-तीन उड्यांना तिनं ओठ घट्ट मिटले. मी ते पाहिलं. घाबरली असेल म्हणून सोडून दिलं, कारण जानेवारी जवळ आला होता. वहीत मी "ठीक" असं लिहिलं.

दुसऱ्या आठवड्यात, एक मिनिट धावण्याच्या चौथ्या फेरीला, ती मैदानात मधेच खाली बसली. ओरडली नाही. नडगी दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे पाहत राहिली. हाड मोडलं होतं.

आदिलाबादला ऑपरेशन करून आत सळई घालावी लागली. डॉक्टर बुचकळ्यात पडले होते. "सहा आठवडे ही काय करत होती?" त्यांनी मला तेलुगूत विचारलं. मी आईला मराठीत विचारलं.

"घरीच होती जी. नुसती वावरात येत होती माह्यासंगं, कापूस वेचाले. पयाली नाही बिलकूल."

वेचणीचे दिवस होते. दसऱ्याच्या, दिवाळीच्या सुट्टीत दिवसभर, एरवी शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत. कमरेला ओटी बांधून वाकून ढेकळांतून चालायचं आणि वीस-पंचवीस किलोचं गाठोडं डोक्यावर घेऊन बांधापर्यंत न्यायचं. दुखऱ्या पायानं, सहाही आठवडे. त्या घरात याला कुणी श्रम म्हणत नाही, आणि हे मला कुणी सांगायला नको होतं. माझी आई त्याच वावरांत वेचायला जायची. दहावीपर्यंत मीही गाठोडी वाहिली. मग नोकरी लागली, मोटारसायकल आली, स्टूल आलं.

डॉक्टर माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी तेलुगूत म्हणालो, "घरीच होती म्हणते."

"मग चोरून धावली असेल. मुलं कुठे ऐकतात?"

मी गप्प बसलो. एवढंच केलं मी, आणि ते आजही मला सहन होत नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि हिंदीत म्हणाले, "अब चोरी से मत दौड़ना, बेटी." आईला हिंदी कळत होती.

त्या दिवसापासून मुलगी खोटारडी ठरली. ती "मी नाही पयाली" म्हणत राहिली, पण डॉक्टर कशाला खोटं बोलतील? चाचणी गेली. दहावी कशीबशी झाली. चालताना ती आता एका बाजूला किंचित झुकते. मी मात्र अजून धावतो, पाय ठणठणीत आहे.

गेल्या वेचणीला सकाळी मी धावत परतत होतो. रस्त्याकडेच्या वावरात त्या दोघी होत्या, मुलीच्या डोक्यावर गाठोडं. आईनं हाक मारली.

"पाह्यलं सर, हिले मी रोज सांगतो. सरानं सांगतलेलं आयकलं असतं तं आज तूबी अशीच पयाली असती."

मुलगी मैदानात बसली होती तेव्हा पाहत होती तशीच माझ्याकडे पाहत राहिली. मी बांधावर गेलो.

"तिनं ऐकलं होतं," मी म्हणालो. "ती चोरून धावली नाही. वावरातल्या कामानं चीर भरलीच नाही. काम बंद ठेवा हे मी सांगायला पाहिजे होतं. डॉक्टरांपुढेही मी बोललो नाही."

आईनं त्या गाठोड्याकडे पाहिलं.

"यानं हाड मोडते?"

"चीर असली तर मोडते."

तिनं मुलीच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतलं. मग मला म्हणाली, आवाज न चढवता, "तुमची माय माह्याच बाजूच्या वळीत वेचे सर. तुमाले ठाऊक नव्हतं काऊन?"

"ठाऊक होतं," मी म्हणालो.