सेकंड शिफ्टचं जेवण

सायली जागी आहे, हे सुविधाला भिंतीकडे तोंड करून पडलेलं असतानाही कळायचं. कूस बदलल्याची कुरकुर नाही, चादर ओढल्याचा आवाज नाही. झोपलेलं माणूस इतकं गप्प नसतं. हीच मुलगी पूर्वी मैदानावरून आली की नाचणीच्या आंबिलीची वाटी हातात धरून पेंगायची, एका पायात बूट तसाच. तिचा बाप संदीप ती वाटी अलगद काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "धावणाऱ्याची झोप बघ गे, म्हशीसारखी."

सायली आठशे मीटर धावायची. पाय लांब, श्वास दमदार, पण शेवटच्या वळणावर मागे वळून बघायची खोड. तिला धावायला शिकवणारे गोकुळदास सर सांगून थकले. "मागे तुझं काय राहिलंय गो?" ते विचारायचे. ती हसायची आणि पुढच्या शर्यतीत पुन्हा मागे बघायची.

करोना आला आणि मैदानाला कुलूप लागलं. तुयेच्या औद्योगिक वसाहतीतला औषधांचा कारखाना मात्र चालू राहिला. संदीप तिथे कामाला होता, बहुतेक वेळा सेकंड शिफ्ट. रात्री साडेदहाला तो घरी यायचा, मागच्या न्हाणीत अंघोळ करायचा, कपडे साबणाच्या पाण्यात टाकायचा आणि मगच सोप्यावर पाऊल ठेवायचा. बाप येईपर्यंत कडकडून भूक लागावी म्हणून सायली दहापासून सोप्यावर दोरीच्या उड्या मारायची. अकराला तिघं एकत्र जेवायची. गावातले ऑम्लेटचे गाडे बंद होते, म्हणून सुविधा घरीच नारळाचा झणझणीत रस, म्हणजे रस्सा, करून त्यात ऑम्लेट घालायची, सोबत पोदेराकडचे उंडे पाव आणि वर चहा. बाकीचं जग बंद असताना त्या घरात खरा दिवस उजाडायचा तो अकराला.

दुसऱ्या लाटेत संदीप गेला. इस्पितळातून सुविधाच्या हाती आली ती एक प्लॅस्टिकची पिशवी. आत त्याचा मोबाईल, पट्टा आणि चष्मा. त्या वर्षी सुतकामुळे गणपतीची चवथही झाली नाही.

पावसाळ्यानंतर सायलीचे डोळे खोल गेले. सुविधाने आधी मोबाईलला दोष दिला, रात्री तो स्वतःच्या उशाशी ठेवायला लागली. मग म्हणाली, दुःख आहे, ओसरेल. शेवटी तिला घेऊन ती आरोग्य केंद्रात गेली. तिथली डॉक्टर तरुण होती. तिने रक्तदाब पाहिला आणि मग साधीच चौकशी केली. व्यायाम कधी करतेस, जेवतेस कधी, जेवणात काय असतं.

"इतका जोराचा व्यायाम झोपेच्या तोंडावर, वर तिखट रस आणि चहा," डॉक्टर म्हणाली. "शरीराला वाटतं अजून शर्यत चालू आहे. व्यायाम सकाळी करा, जेवण आठपर्यंत आटपा. पण अकराला का जेवता तुम्ही?"

"हे शिफ्टवरून येतात तेव्हा," सुविधा म्हणाली.

डॉक्टरने समोरच्या कागदावर पाहिलं. वडिलांच्या नावापुढे 'मयत' लिहिलं होतं. सायली खिडकीबाहेर बघत होती.

त्या दिवशी सुविधाने आठ वाजता ताटं घेतली. भात, मुगाची आमटी, काकडीच्या तवसळीचा तुकडा. सायलीने दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"आई, आठ वाजता जेवलं, तर मग अकराला काय करायचं?"

उत्तर सुविधाला ठाऊक होतं. पहाटे मैदानावर पाय दुखेपर्यंत धावायचं, म्हणजे अकरा कधी वाजले ते कळणारच नाही. मैदान उघडलं होतं. गोकुळदास सरांचे दोन फोन येऊन गेले होते. "वहिनी, पोरीला पाठवा," एवढंच ते म्हणायचे आणि सुविधा नंतर बघू म्हणून ठेवून द्यायची. मैदान म्हणजे माणसं. माणसं म्हणजे खोकला, धाप, पुन्हा ती पिशवी. जागी का असेना, डोळ्यांसमोर आहे, अशी ती आपल्या मनाची समजूत घालत आली होती. सायलीनेही कधी विषय काढला नाही. आईची भीती तिला ठाऊक होती, म्हणूनच काढला नसावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोरीवरचे कपडे काढताना सायलीला भोवळ आली. ती पायरीवर बसली, डोकं गुडघ्यांत. सुविधा धावत गेली, तर म्हणाली, "काही नाही गो, पाय वळला." आठशे मीटर धावणारे ते पाय परसातून घरापर्यंत आईच्या खांद्यावर भार टाकून आले.

तिला आत निजवून सुविधा सोप्यावर आली. सरांना बरंच विचारायचं होतं. मुलं किती असतात, लांब लांब उभी करता ना, पाण्याची बाटली घरून दिली तर चालेल ना. मग तिला वाटलं, विचारत बसले तर त्यातच नाही म्हणायला काहीतरी सापडेल. नुसतं सांगायचं, सायली उद्यापासून येते, सोबत मी येते.

तिने पदराने मोबाईलची काच पुसली आणि गोकुळदास सरांचा नंबर लावला.