खराडीतला डावा कौल

"देव काय कांदा हाय व्हय गं बाय, ह्या पोत्यातला काढून त्या पोत्यात टाकाया?"

चिमाबाईनं मान वर केली नाही. हात चालूच. नासका डाव्या अंगाला, मोडाचा मागं, चांगला पुढ्यातल्या पाटीत. मार्केट यार्डातल्या गाळ्यापुढं कांद्याचा ढीग, आणि ढिगाच्या कडेला उकिडवं बसायची धडपड करणारी ती पोरगी. कल्याणी तिचं नाव. गळ्यात कंपनीचं कार्ड, पायांत पांढरे बूट, बुटांना कांद्याची साल चिकटलेली.

"तसं नाही हो मावशी. आम्ही खराडीच्या कॅम्पसमध्ये देवराई करतोय. सगळी डोंगरातली झाडं लावलीयेत. फक्त देवी नाहीये. परदेशातून पाहुणे येणारेत, पर्यावरणाचं अवॉर्ड द्यायला. ओरिजिनल देवी असली तर फार छान वाटेल."

"आन् ती माज्याकडं हाय हे कुणी सांगितलं?"

"तुमच्या वाडीत जाऊन आले मी. म्हणाले, कळमजाईला चिमाबाईनं पुण्याला नेलं."

"नेलं न्हाय, उचलून आणलं. तिला बसाया जागा कुठं ठेवली तुमी?"

"आम्ही?"

"ह्या तुज्या कार्डावर पवनचक्कीचं चित्तर हाय का न्हाय?"

कल्याणीनं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, जणू ते चित्र कालच कुणी चिकटवलं होतं. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "मावशी, ते फार जुनं झालं. आता कंपनी बदललीये. अभय सर स्वतः लक्ष घालतात. इतके साधे आहेत ना!"

चिमाबाईचा हात पहिल्यांदा थांबला. "कोन? दाखव बरं."

पोरीनं मोबाईल पुढं धरला. केस गेलेले, पोट सुटलेलं, अंगात झब्बा. पण हसताना खालचा ओठ दाताखाली धरायची खोड तीच.

डोंगरात कळमजाईची राई होती तेव्हा तिथं कुऱ्हाड सोडा, वाळली काटकी उचलायला माणूस धजत नसे. जांभळाचं झाड वठून पडलं तर जागेवरच कुजायचं. राईच्या पोटातनं झरा निघायचा, तो भर उन्हाळ्यातही वाडीला पाणी पाजायचा. चिमाबाईचा नवरा गेणू तळपे हा देवीचा पुजारी. कुणाला घराच्या आढ्याला लाकूड लागलं तर आधी गेणूकडं यायचं. तो देवीच्या दगडाला दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवायचा. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर गप घरी जायचं. महादेव कोळ्याच्या पोराला बापाचा शब्द मोडता येई, डावा कौल मोडता येत नसे.

मग माथ्यावर पवनचक्क्या यायच्या ठरल्या. त्यांची लांबलचक पाती वर चढवायला रुंद रस्ता हवा होता, आणि तो राईतनंच जायला हवा होता. तेव्हा हाच अभय, अंगानं सडपातळ, जीपमधनं न उतरता म्हणाला होता, "अहो, हे पर्यावरणासाठीच चाललंय. वाऱ्यावरची वीज. तुम्ही निसर्गाची माणसं, तुम्हीच आडवे आलात तर कसं व्हायचं?"

गेणू खरोखरच आडवा आला, मशीनच्या पुढ्यात जमिनीवर. त्याला उचलून गाडीत घातलं आणि मागं केस लावली. संध्याकाळपर्यंत राईचं रान राहिलं नाही, नुसता मुरूम राहिला. झरा पुढच्याच चैतात आटला. वीज वाडीच्या डोक्यावरच्या तारांतनं शहराला गेली, वाडीत उतरली नाही. गेणू तारखांना खेटे घालून घालून खंगला आणि मेला. शेवटपर्यंत एकच विचारायचा, "मी निजलो, येवढाच का गुन्हा?"

चिमाबाईनं मुरमातनं देवी उकरली, पाटीत घातली, वर फडकं टाकलं आणि बिबवेवाडीच्या चढावरच्या वस्तीत आली. तिथं पत्र्याच्या खोलीत, तांदळाच्या डब्यामागं कळमजाई बसली. शेजारच्या बाया म्हणत, माफ कर, सोडून दे, डोक्याला ताप. चिमाबाई म्हणे, "करीन की. मेल्यावर करीन."

"तू मेल्यावर?"

"त्यो मेल्यावर."

तर अशी ती बाई आता कल्याणीकडं बघून गोड हसली. शेजारी कांदा निवडणारी मुक्ताबाई दचकली. इतक्या वर्षांत तिनं ते हसू पाहिलं नव्हतं.

"येते म्हनावं. देवीला घिऊन येते. पन कौल लावल्याबिगार ती बसत न्हाय. आन् कौल समद्या लोकांम्होरं लावत्यात. पाव्हन्यांना त्यांच्या बोलीत सांगाया तूच ऱ्हा जवळ. म्या बोलंन ते समदं सांगायचं. गाळायचं न्हाय."

"नक्की! थँक्यू मावशी!" पोरगी उठली. उकिडवं बसून तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

समारंभाच्या दिवशी सकाळी चिमाबाईनं मोरीतला दगड उचलला. टाचा घासून घासून गुळगुळीत झालेला, बेताचा काळा दगड. तो घासला, पुसला, तेलात कालवलेला शेंदूर वर थापला. मग तांदळाच्या डब्यामागं वाकून म्हणाली, "आई, तुला नेत न्हाय. म्या तिथं लबाडी करनार हाय, तुज्या डोळ्यांदेखत नगं. आन् तुला त्या भाड्याच्या दारात बशीवली तर गेणू मला वर गेल्यावर उभी करनार न्हाय."

खराडीला काचेच्या इमारतींच्या मधे देवराई होती. झाडांना बांबूचे टेकू, प्रत्येकापुढं नावाची पाटी, खाली विलायती गवत. मधोमध चौथरा. गोरे पाहुणे खुर्च्यांवर, कंपनीची माणसं मागं उभी. अभय साहेबानं मोरीतल्या दगडाला वाकून नमस्कार केला, डोकं टेकवलं, कपाळाला शेंदूर लागला तसा फोटोसाठी थांबला. चिमाबाईनं पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, बाईला भरून आलं.

मग तिनं कौल लावला. उजव्या पाकळीला गुळाचं पाणी, डावीला साधं. सगळे मोबाईल रोखून. ऊन होतंच, डावी पाकळी सुकली आणि पडली.

"न्हाय म्हनती," चिमाबाई म्हणाली. कल्याणीनं माईकवर सांगितलं. खुर्च्यांतनं हळहळ उठली.

साहेब पुढं वाकला, दातातनं बोलला, "मावशी, काय हवंय तिला? लवकर उरका."

"राई मोडनारा पायताण काढून तिच्याम्होरं उभा ऱ्हातो आन् आपल्या तोंडानं कबूल करतो. मंग बसती. रीतच हाय तशी."

अशी रीत डोंगरात कधीच नव्हती. पण साहेबाला ती झक्कास वाटली. त्यानं बूट काढले, माईक हाती घेतला, पाहुण्यांकडं बघून खालचा ओठ दाताखाली धरला आणि नाटकात बोलावं तसं खड्या आवाजात म्हणाला, "हे माते, मी तुझी राई तोडली. मला क्षमा कर!"

कल्याणीनं त्याचं इंग्रजी केलं. टाळ्या पडल्या.

"कुठली त्ये बी सांगा की सायेब. तिला कळाया नगं?" चिमाबाई माईकपाशी सरकली. "बरं, म्या सांगते. कळमजाईची राई, आमच्या वाडीवरली. पवनचक्कीच्या रस्त्यापायी. जीपमधी हेच बसलं व्हतं. म्होरं निजला त्यो माजा मालक, गेणू तळपे. केस लावली, त्यात मेला. सांग पोरी."

कल्याणीनं साहेबाकडं पाहिलं. साहेबाची मान बारीक हलली, नाही म्हणून. पोरगी वाडीत जाऊन आली होती. आटलेल्या झऱ्यावर हंडे लावून बसलेल्या बाया तिनं पाहिल्या होत्या, पण कंपनीच्या अहवालात लिहिल्या नव्हत्या. आवाज चिरका निघाला, पण तिनं सगळं सांगितलं. गेणूचं नावही.

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या बाईनं चष्मा काढला आणि साहेबाला काहीतरी विचारलं. साहेब हसला. तिनं पुन्हा तेच विचारलं, जरा सावकाश. या वेळी तो हसला नाही. कुणीतरी माईक बंद केला. विलायती गवतावर साहेब अनवाणी उभा, कपाळाला मोरीतल्या दगडाचा शेंदूर, आणि बूट कुठं ठेवले ते त्याला सापडेना.

"काय इचारती गं ती?"

"म्हणतेय, बक्षीस राहू दे," कल्याणी पुटपुटली, "आधी ती वाडी दाखवा. मावशी, माझी नोकरी गेली."

"जाईल. गेणूचा जीव गेला." चिमाबाईनं पिशवी उचलली. दोन पावलं जाऊन मागं वळली. "वाडीवर त्यांना वाट दावाया लागंल. तूच जा. झऱ्यापाशी ने."

दगडाकडं तिनं बघितलंही नाही. गुळाच्या पाकळीवर मुंग्या लागल्या होत्या.

दुपार कलली तेव्हा ती यार्डात होती. मुक्ताबाईनं बसायला जागा करून दिली.

"झालं का मनासारखं?"

"कशाचं? त्याच्या पायाला एक काटा सुदीक लागला न्हाय. मऊ गवत व्हतं." चिमाबाईनं पदर खोचला. "पन त्याच्या तोंडातनं गेणूच्या राईचं वदवलं. आता वाडीवर येईल तवा बगू. तिथं गवत न्हाय, मुरूम हाय."

गाळ्यातनं शेठ ओरडला, "मावशी, देवदर्शन झालं असेल तर मालाकडं बघा! लासलगावची गाडी आलीय!"

पोतं फुटलं, कांदा भडाभडा पुढ्यात सांडला. चिमाबाईनं मांडी घातली आणि पहिलाच नासका हाताला आला तो डाव्या अंगाला भिरकावला.