पाय घरून धुवून या

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी आमच्या रिसोडच्या चर्चच्या मंडळीत पाय धुण्याची उपासना असते. यंदा सकाळीच ग्रुपवर मेसेज आला... 'उपासना लाइव्ह आहे, सर्वांनी पाय घरून स्वच्छ धुवून यावे.'

आधी मी हसले, मग डोकंच फिरलं. धुतलेलेच पाय पुन्हा धुवायचे तर जमायचं कशाला?

मेसेज नव्या पास्टरचा. जुने पास्टर मागच्या वर्षी वारले आणि त्यांची जागा मुलाने घेतली. वडील आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर बसून एकेकाचे भेगाळलेले पाय धुवायचे. पुढे गुडघे वाकेनात, तेव्हा त्यांनी आपला टॉवेल माझ्या शांतामावशीच्या हातात दिला. मग पाय ती धुवायची आणि ते शेजारी बसून प्रार्थना करायचे.

संध्याकाळी मुलाने आधी उपदेश झोडला. आपण देवाचे वारस आहोत, राजाची लेकरं आहोत, अधिकाराने जगा... बराच वेळ हेच. स्वतःसाठी खुर्चीही नवी आणलीय, उंच पाठीची, लाल गादीची.

मग पाय धुवून घ्यायला पुढे बोलावले ते कोण, तर चकचकीत बुटांतले सात-आठ जण. त्यांच्या मागोमाग लक्ष्मणकाकाही उठले. ते दिवसभर दुसऱ्याच्या शेतात हळद शिजवून थेट आले होते, पाय घोट्यापर्यंत पिवळे, वर चिखल. काकांकडे मोबाईल नाही, मेसेज कुठून वाचणार...

"काका, तुमी मांगं बसा. कॅमेऱ्यात येऊन राह्यलं सारं," पास्टर म्हणाला.

काका चपला हातात घेऊन वळले. म्हातारा माणूस, कुणाला उलट शब्द बोलत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तोंड उघडायच्या आत मावशी उठली. पिशवीतून टॉवेल काढला, परात ओढली आणि काकांना समोर बसवून स्वतः खाली बसली.

"मावशी, टॉवेल ठेवा. तो अधिकार पास्टरचा असते. माह्या बाबानं मले देल्ला."

मावशीने मान वर केली नाही. काकांचा पाय परातीत घेत म्हणाली, "तुले खुर्ची देल्ली असन, बापू. टॉवेल मले देल्ला."

लाइव्ह कुणी बंद केलं, माहीत नाही. परातीतलं पाणी पिवळं झालं, काका रडत होते आणि पास्टर खुर्चीची पाठ धरून उभा होता.

राग मला याचाच येतो. देवाने सगळं आपल्या हाती दिलंय हे ठाऊक असताना येशू जेवणावरून उठला आणि कमरेला टॉवेल बांधून शिष्यांच्या पायांशी बसला... ही गोष्ट आम्ही संडे स्कूलपासून ऐकतोय. त्याचे वारस असू तर वारशात आम्हाला हेच आलंय. मग ही लाल खुर्ची कुठून आली, आणि आम्ही सगळे गप्प का बसलो होतो?

घरी मी टॉवेल दोनदा घासला, हळदीचा डाग काही गेला नाही. मावशी म्हणाली, राहू दे. तिचेही गुडघे आता कुरकुरतात, म्हणून पुढच्या वर्षापासून टॉवेल माझा. फक्त एक अट... पहिले पाय पास्टरचे धुवायचे.

मी तिच्याशी कडाकडा भांडले. ज्याने काकांना मागे बसवलं त्याचे पाय मी का धुवायचे? तिने टॉवेलची घडी करून माझ्या मांडीवर ठेवली आणि झोपायला गेली.

टॉवेल कपाटात आहे. आज तरी मला त्या माणसाच्या पायांना हात लावायचा नाही... आणि लावावासा वाटत नाही तोवर तो टॉवेल माझा नाही, एवढं मात्र मला कळतं.